पेंग्विनचा देश आणि माझं दिग्व्रत



मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या आता अंटार्क्टिकालाही नेतात. माझ्या लेकीने डिसेंबरच्या सहलीत जागा धरली आणि मला म्हणाली, "आई, तूही चल. पैशाचं मी बघते."

मी बी.कॉम., त्यामुळे आधी हिशेबच विचारला. अर्जेंटिनातल्या उशुआया गावापर्यंत विमान, तिथून जहाज. ड्रेक सामुद्रधुनीचा खवळलेला समुद्र ओलांडायला जाताना दोन दिवस, येताना दोन. खर्चाचा आकडा ऐकून आमचे हे उगाच चष्मा पुसत बसले. पण माझी अडचण पैशाची नव्हती. आपल्या कुंथलगिरीला, कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणभूमीवर, पंधरा वर्षांपूर्वी मी दिग्व्रत घेतलं आहे. चारी दिशांना भारताची सीमा, त्यापलीकडे जन्मभर जायचं नाही.

लेक नाराज झाली. म्हणाली, "तुझे गुडघे अजून चालतात तोवर तुझ्याबरोबर एकदा लांब जायचं होतं." हे मला लागलं. रात्री झोप आली नाही. पण मोह समोर आला की सरकवायची, ती मर्यादा कसली?

ती पुढे म्हणाली, "1983-84 च्या भारतीय मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता तिथे गेल्या होत्या. अदिती पंतांचा जन्म तर नागपूरचा." खरंच. त्या सुमारास मी बी.कॉम.ची परीक्षा देत होते. बाईने एवढ्या लांब कशाला जावं, असं मी कधीच म्हणणार नाही. व्रत माझं आहे, लेकीचं नाही. तिला म्हटलं, तू जा, आनंदाने जा.

मग तिने तिथले नियम मला वाचायला पाठवले. एका वेळी किनाऱ्यावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी उतरवत नाहीत. पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं. तो चालत आला तर आपण थांबायचं, वाट त्याची. उतरण्याआधी आणि परतल्यावर बूट जंतुनाशकाने धुवायचे. कपड्यांच्या शिवणीत, खिशात गवताचं बी अडकलेलं नाही ना, ते तपासायचं. खडा उचलायचा नाही, पीस उचलायचं नाही. जेंटू पेंग्विन खड्यांचंच घरटं करतात, एकेका खड्यासाठी भांडतात. 1991 च्या माद्रिद करारात तर तिथे खाणकामालाही बंदी घातली आहे. वाचताना मला ईर्यासमिती आठवली. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणारे आपले मुनी आठवले. धर्माचं नाव न घेता जगाने त्या भूमीपुरतं अपरिग्रहाचं व्रतच घेतलं आहे, असं वाटलं. जहाजही तेल जाळतंच, हे मात्र मी लेकीला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं.

निघायच्या आधी तिने एक प्रश्न विचारला. तिचा रात्रीभोजन त्याग आहे. तिकडे डिसेंबरात सूर्य मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. मग रात्री दहाला जेवलं तर चालेल का?

मी म्हटलं, "नियमाच्या शब्दात बसेल. पण या नियमात जिवांची काळजी आहे, तसा जिभेला आवरही आहे. सूर्य थांबला म्हणून जिभेला सुट्टी नाही. घरी सहाला जेवतेस, तिथेही जहाजाच्या घड्याळाने सहाला जेव. स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेव. कंदमुळाचंही तेव्हाच सांग."

ती हसली आणि हो म्हणाली. बॅगेत मी कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी भरून दिली, जहाजावरच खायची, किनाऱ्यावर न्यायची नाही, असं बजावून.

तुमच्यापैकी कोणी दिग्व्रत घेतलं असेल, आणि मुलांनी परदेशाचं तिकीट पुढे केलं असेल, तर तुम्ही काय ठरवलंत ते मला जरूर कळवा.