हलकी गाडी



कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडी तुमच्यातल्या थोरांना आठवत असेल. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागे, आणि गाडी सुटायच्या आत गाव, फड, दिंडी अशी सगळी चौकशी होऊन जाई. चढ आला की इंजिन धापा टाकी. मग पोरे खाली उतरून चार पावले चालत, पुन्हा डब्यात चढत आणि म्हणत, "झाली आमची पायी वारी!"

आता तो मार्ग रुंद झाला. त्या गाडीचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट मात्र माझ्या ज्ञानेश्वरीत खुणेला आहे. नातू म्हणतो, "आजोबा, जुन्या वस्तूंच्या बाजारात याचे पैसे येतील." येतील बापडे, पण ते काढले तर माझी ओवी हरवेल, त्याचे काय?

गाडीचे नाव बार्शी लाइट रेल्वे. लाइट म्हणजे दिवा, असे आमच्याकडे पुष्कळांना वाटे, आणि डब्यातला अंधार पाहून ते हसत. खरा अर्थ हलकी. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९०६ साली पंढरीला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती बांधली. रूळ हलके, मग माल न्यायचा कसा? त्याने वजन सगळ्या आसांवर सारखे वाटले. एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. भार एके ठिकाणी साचला तर हलका रूळ वाकतो. वाटून दिला तर तोच रूळ मोठी गाडी पेलतो.

कीर्तनात हा दृष्टांत मी पुष्कळ वेळा दिला. दिंडीही अशीच चालते. कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या खांद्यावर पताका, कुणाच्या डोईवर तुळस. पण एक विचारतो, रागावू नका. आपण पहाटे काकड्याला उभे असतो, तेव्हा चुलीपुढे कोण असते? संध्याकाळी आपण हरिपाठ म्हणतो, तेव्हा भाकरी कोण थापते? बहुतेक मुक्कामी त्याच चार मायबहिणी. त्याही वारीलाच निघालेल्या असतात. काकडा त्यांनाही ऐकायचा असतो. अठरा-वीस दिवस सगळा भार एकाच आसावर, मग दिंडी हलकी कशी म्हणावी?

म्हणून या आषाढीला एवढे करू या. पाणी भरणे, भाजी चिरणे, भांडी घासणे यांची पाळी पुरुषांनी लावून घ्यावी, आणि त्या मायबहिणींना काकड्याला पुढे बसवावे. भांडी घासल्याने टाळकऱ्याचा ताल चुकत नाही. झालेच तर टाळ अधिक लखलखीत होतील, कारण राख हाताशीच असते!

रामकृष्ण हरि.