हवा, पाणी आणि आमची पिकअप

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्यासारख्या बागायतदारांच्या घरचे घड्याळ सोनचाफ्याच्या मर्जीने चालते. अंधारात खुडलेले फूल उजाडण्याच्या सुमारास दादरच्या फुलबाजारात पोहोचले तरच त्याला भाव. दुपारपर्यंत मलूल झालेल्या चाफ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लोकलच्या डब्यातून टोपल्या नेणारी माणसे आजही आहेत. आमच्या आळीतील पाच-सहा घरांची फुले मात्र आमच्या पिकअपमधून जातात. तेव्हा रात्री दोन वाजता महामार्गावर टायर बसला, तर खोटी एका घराची होत नाही. त्या वेळी पंक्चरवाला सापडत नाही, आणि स्टेपनी काढावी तर तिच्यातलीही हवा उतरलेली असते, हा अनुभव वाहनधारक वाचकांस नवा नसावा.

म्हणून आम्ही दोघा भावांनी पिकअपवर १२ व्होल्टचा एअर कॉम्प्रेसर कायमचा बसविण्याचे ठरविले. यंत्र लहानसे, पण त्याचे खरे वैरी दोन. एक पाणी, दुसरा समुद्रावरून येणारा खारा वारा. कामाला हात घालण्यापूर्वी शेजारच्या गावातील एका गाडीवर बसविलेला असाच कॉम्प्रेसर आम्ही जाऊन पाहिला. पेटी चहूबाजूंनी सिलिकॉन लावून हवाबंद केलेली होती. एका पावसाळ्यानंतर तिचे झाकण काढले, तेव्हा तळाशी बोटभर पाणी आणि मोटारीवर गंजाचे पापुद्रे. इतका कडेकोट बंदोबस्त असूनही पाणी आत आले कोठून?

आमचे जुने मिस्त्री हसून म्हणाले, "भाऊ, पाणी आलं नाही, पेटीनंच ते ओढून घेतलं." गोष्ट अशी की, यंत्र चालले की पेटीतील हवा तापते, प्रसरण पावते आणि बारीकसारीक फटींतून बाहेर पडते. यंत्र थांबले की उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, आणि त्याच फटींतून बाहेरचे जे मिळेल ते आत ओढते. बाहेर पाऊस असेल तर पाणीच आत येते. एकदा आत आले की त्यास जावयास वाट नसते. अनेक यंत्रांवर 'आयपी ६७' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवले तरी अपाय होत नाही. परंतु ती चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यातली. तापलेले यंत्र, खारट चिखल आणि चार महिन्यांचा पाऊस यांची परीक्षा निराळी.

मग आम्ही उलट्या दिशेने विचार केला. आपल्या जुन्या कौलारू घरांनी पावसाला कधी कोंडून ठेवले नाही. त्यांनी पागोळ्या भिंतीपासून दूर पाडल्या. केबिनच्या मागे, चॅसिसच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी बसविली. वरून आणि बाजूंनी बंद, पण तळाच्या चारही कोपऱ्यांत दहा मिलीमीटरची भोके ठेवलेली. पुढे चाकाच्या चिखलासाठी रबराचा पडदा. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांचा थेट स्पर्श खाऱ्या हवेत पत्रा खातो, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले. प्रत्येक तारेला पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच गळून पडते. हीदेखील पागोळीच. कॉम्प्रेसरने श्वास मात्र कोरडा घ्यावा, यासाठी त्याची हवेची नळी फिल्टरसह सीटच्या मागे, केबिनमध्ये आणली.

विजेच्या बाबतीत काटकसर परवडत नाही. यंत्र ३० अँपिअर ओढते. चार मीटर लांबीची २.५ चौरस मिलीमीटरची तार वापरली, तर पाऊण व्होल्टहून अधिक तारेतच जिरते. ६ चौरस मिलीमीटरची घेतली तर हे नुकसान निम्म्याहून कमी होते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसविला, कारण तार घासून उघडी पडली तर आग लागण्याचा धोका फ्यूजच्या अलीकडच्या भागातच उरतो. बटणावर सारा भार येऊ नये म्हणून रिले घातला, आणि इंजिन चालू असतानाच हवा भरावयाची असा नियम केला.

पाण्याचा आणखी एक मार्ग आमच्या ध्यानात नव्याने आला, तो म्हणजे खुद्द हवा. ३० अंश तापमानाच्या दमट, संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. १० लिटरची टाकी १०० पौंड दाबापर्यंत भरताना सत्तरेक लिटर हवा आत दाबली जाते; दाबलेली हवा पुन्हा निवली की तिच्यातील बहुतेक बाष्पाचे पाणी होते. म्हणजे पावसाळ्यात प्रत्येक भरणीमागे दोनेक ग्रॅम पाणी टाकीतच साचते. म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर तोटी बसविली; घरी परतल्यावर ती उघडून पाणी सोडणे हे आता दूध तापविण्याइतके नित्याचे काम झाले आहे. दाब १०० पौंडांवर गेला की यंत्र आपोआप थांबते, ७० वर आला की सुरू होते. आणि स्विच फसलाच तर सुरक्षा-झडप आहेच.

दोन पावसाळे उलटले. गेल्या श्रावणात मागच्या टायरात खिळा घुसला. भर पावसात पट्टी भरून, हवा मारून गाडी निघाली, ती बाजार उठण्यापूर्वी दादरला पोहोचली. त्या दिवशी सहा घरांच्या टोपल्या भावाने गेल्या. भाद्रपद सरल्यावर आम्ही पेटी उघडली. दोन स्क्रूंवर तांबूस डाग होते, एका जोडाला हिरवट पुटे आली होती. ब्रशने घासून, ग्रीस लावून पुन्हा बंद केली. तळाची भोके चिखलाने बुजत आली होती, ती खिळ्याने मोकळी केली. पुढच्या जूनपूर्वी पुन्हा करावयाच्या कामांत आम्ही तेच पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे.