जैतुनाच्या डोंगरावरून दिसलेला दरवाजा

केवढ्या या कबरी! जैतुनाच्या डोंगरावर उभं राहून मी खाली पाहिलं आणि क्षणभर तो दगडांचा मळाच वाटला. कोकणात उतारावरून भाताची खाचरं एकाखाली एक उतरत जातात ना, तशा या कबरी उतरत थेट खालच्या खोऱ्यापर्यंत गेल्या आहेत. 70 हजारांपासून दीड लाखापर्यंत अंदाज सांगतात. 3,000 वर्षं इथे ज्यू माणसं पुरली जात आहेत. कुठे फूल नाही, हार नाही. भेटायला आलेला माणूस कबरीवर एक खडा ठेवतो आणि निघून जातो. आणि रंग? सगळीकडे एकच, ताज्या सायीचा. कबरी, तटबंदी, पलीकडचं अख्खं जेरुसलेम त्याच दगडाचं! सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेले माझे डोळे दिपून गेले.

बहुतेक कबरींचे पाय समोरच्या टेकडीकडे आहेत. तिथे ज्यूंचं मंदिर होतं. रोमनांनी ते इसवी सन 70 मध्ये जाळलं, आणि आज त्या जागी सोनेरी घुमट झळकतो. ज्यू ज्याची वाट पाहतात तो मशीहा येईल तेव्हा मेलेले उठतील, आणि उठणाऱ्याचं तोंड आपोआप मंदिराकडे असेल, म्हणून पाय तिकडे. केवढी ही तयारी!

त्या टेकडीच्या तटात, अगदी आपल्यासमोर, दोन कमानींचा एक दरवाजा आहे. दगडांनी चिणलेला. हिब्रूत त्याला दयेचा दरवाजा म्हणतात. रायगडाचा महादरवाजा सूर्यास्ताला बंद झाला तरी पहाटे उघडायचा, हिरकणीला एका रात्रीचाच घोर लागला होता. हा दयेचा दरवाजा मात्र तुर्की सुलतान सुलेमानच्या काळात, 1541 मध्ये बंद झाला असं सांगतात, आणि तेव्हापासून याची पहाट झालेली नाही. मशीहा याच दरवाजातून शहरात येईल अशी ज्यूंची परंपरा. येशू याच वाटेने आत गेला आणि परत येईल तेव्हाही इथूनच जाईल, अशी कितीतरी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा.

मी दरवाजाकडे बघत उभी होते, तेवढ्यात कानावर शब्द पडले, ‘‘अगं, पदर सांभाळ, वारा आहे.’’ मराठी! जेरुसलेममध्ये! वळून पाहिलं तर सत्तरीच्या एक मावशी. कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्राईल समाजातल्या, जन्म अलिबागजवळचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर इकडे आलेल्या. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेनातच.

‘‘मावशी, तुमचा मशीहा म्हणजे देवच का?’’ मी विचारलं.

‘‘छे गं. माणूस. दाविद राजाच्या वंशातला. तो येईल, जगभर पांगलेल्यांना गोळा करील, मंदिर उभं राहील, लढाया थांबतील.’’ मग खोऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, ‘‘आला असता तर जग असं राहिलं असतं का, बाळा?’’

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

आणि तेवढ्यात डोंगर गाऊ लागतो! तो झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. बेथफगेहून मिरवणूक निघाली आहे. हजारो माणसं, हातात खजुराच्या झावळ्या आणि जैतुनाच्या डहाळ्या, तपकिरी झग्यातले फ्रान्सिस्कन साधू, गिटार, ढोल, दहा भाषांतली गाणी. दिवे घाटात पालखीमागून वळणावळणाने माणसांची नदी वाहते तशीच ही नदी उतारावरून खाली निघाली आहे. मी भान हरपून तिच्यात शिरले. शेजारी चक्क वसईच्या एक सिस्टर!

‘‘येशू या वाटेने गाढवावर बसून उतरला,’’ त्या म्हणाल्या. मी चमकलेच. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात. इथे मात्र जखऱ्या संदेष्ट्याने राजा नम्रपणे गाढवावर बसून येईल असं लिहून ठेवलं आहे, आणि ते वचन मावशींच्या शास्त्रातही आहे, सिस्टरांच्याही. मावशींसाठी ते अजून घडायचं आहे. सिस्टरांसाठी ते घडून गेलं. यशयाच्या ग्रंथाचा 53वा अध्यायही तसाच. दुसऱ्यांसाठी दुःख सोसणारा तो सेवक कोण? अनेक ज्यू पंडित म्हणतात, तो म्हणजे अख्खा इस्राएल. ख्रिस्ती म्हणतात, क्रुसावरचा येशू. शब्द तेच, चेहरे वेगळे!

मावशींचा प्रश्न मी सिस्टरांना विचारला. त्या थांबल्या. ‘‘तो आधी माणसाचं पाप धुवायला आला, म्हणून तर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तो देवाचा पुत्र. जगाचं उरलेलं काम करायला परत येणार आहे.’’

मला वाटतं, दोन्ही धर्मांमधली खरी दरी इथे आहे. मशीहाने आधी काय बदलायचं, जग की माणसाचं अंतःकरण? आणि माणसाला देव म्हणता येईल का? या दुसऱ्या प्रश्नावर तर मावशींनी कानाला हातच लावले असते.

दुसऱ्या दिवशी पवित्र थडग्याच्या चर्चमध्ये गेले. धूप, मेणबत्त्या, टांगलेले दिवे, आणि आत शिरताच जमिनीलगत एक गुलाबी शिळा. येशूचं शव पुरण्याआधी इथे सुगंधी द्रव्यांनी माखलं अशी श्रद्धा. बायका गुडघे टेकून शिळेवर अत्तराचं तेल ओततात, रुमालाने टिपतात आणि तो रुमाल घडी करून घरी नेतात. पंढरीचा बुक्का आपण पुडीत बांधून आणतो, तसा. त्या वासात मला एकदम उमगलं: मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला! ग्रीकमधला ‘ख्रिस्त’ही तोच अर्थ सांगतो. शमुवेल संदेष्ट्याने दाविदाच्या डोक्यावर शिंगातून तेल ओतलं आणि त्याला पुढचा राजा ठरवलं. 1674 चा रायगडावरचा अभिषेक ज्यांच्या मनात कोरलेला आहे, त्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मावशींचे पूर्वज कोण? कोकणातले शनवार तेली! पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी रायगड जिल्ह्यातल्या गावांत घाणे चालवले, शनिवारी बैल सोडून ठेवला आणि तेल लावलेल्या राजाची वाट पाहिली.

निरोप घेताना मावशींनी मला एक काम सांगितलं होतं. मशीहाच्या आधी एलियाहू संदेष्टा येऊन वर्दी देणार, म्हणून वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवतात आणि घराचं दार उघडतात. ख्रिस्ती म्हणतात, ती वर्दी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने केव्हाच दिली. पण मावशींच्या लोकांचा एलियाहू कोकणात येऊन गेला आहे! अलिबाग तालुक्यात खंडाळे गावी एका खडकावर खुणा आहेत, त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या. बेने इस्राईल आजही इस्राएलहून तिथे येतात, पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात, नवस फेडतात. ‘‘माझ्या नावाने तिथे एक नारळ ठेव,’’ मावशी म्हणाल्या होत्या.

परत आल्यावर पहिल्या रविवारी जाऊन मी तो ठेवला. तुम्ही अलिबागला गेलात तर समुद्रावर जाण्याआधी खंडाळ्याच्या त्या खडकापाशी जाऊन या.