काटा

इंग्रजीत वजन 'हरवतं'. म्हणून तर एनबीसीनं ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेला 'द बिगेस्ट लूझर' हे नाव शोभलं. सगळ्यांत जास्त गमावेल तो जिंकेल, बक्षीस अडीच लाख डॉलर. मराठीत हा श्लेष जमतच नाही. आपलं वजन उतरतं, घटतं, फार तर झडतं. सुनील शेट्टी २०११ साली सहारा वनवर हाच खेळ घेऊन आला, तेव्हा हिंदीलाही ही अडचण आली असणार. नावाला शेपूट जोडावं लागलं: 'बिगेस्ट लूजर जीतेगा'. एरवी ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी चेष्टा चाललीय.

इंग्रजी क्रियापदात एक गोष्ट मात्र खरी निघाली. हरवलेलं पुन्हा सापडतं.

*

कार्यक्रम व्यायामाचा म्हणायचा, पण खरा नायक काटा. कॅलिफोर्नियातल्या रँचवर माणसं घाम गाळतात, ट्रेनर जिलियन मायकल्स कानाशी ओरडते, बॉब हार्पर जरा समजुतीनं घेतो. हे सगळं भाजी चिरणं. पानात पडतो तो वजनाचा प्रसंग. पुरुष उघडे, बायका स्पोर्ट्स ब्रामध्ये, समोर भला थोरला काटा. आकडा चटकन थांबत नाही. वर जातो, खाली येतो, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागते.

खरं वजन आधीच दुसऱ्या काट्यावर झालेलं असे; हा भव्य काटा नेपथ्यातला. पडद्यावरचा 'आठवडा' दर वेळी सात दिवसांचा नसे, असंही काही माजी स्पर्धकांनी पुढे सांगितलं. आपल्या बाजारात याला काटा मारणं म्हणतात. भाजीवाला मालाचं वजन फुगवतो, इथं उतरलेलं वजन फुगवलं जाई, एवढाच फरक.

*

पहिला विजेता ३३० पौंडांवरून २०८ वर आला. दीडशे किलोंवरून चौऱ्याण्णव. नंतर त्यानंच सांगितलं की शेवटी शेवटी उपास केले, पाणी तोडलं, लघवीतून रक्त जाईपर्यंत. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना हा उपास समजायला वेळ लागेल.

*

योगायोग असा की त्याच २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण आलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, शेजारी शेजारी उभे, असा फोटो. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. काट्याला विचाराल तर दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. युडकिन मॅरेथॉन पळणारे. आपला व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत जाऊन ती गाठणं, अशी थट्टा याज्ञिकांनी त्यात स्वतःचीच करून ठेवली आहे. भारतीय माणूस किडकिडीत दिसतो आणि तरी त्याला मधुमेह का गाठतो, हा त्यामागचा प्रश्न.

एक पान, एक फोटो. पण टीव्हीवर याचं काय करणार? चरबीचे टक्के फिरत्या आकड्यांसारखे थरथरत नाहीत.

*

बॉब हार्परला फेब्रुवारी २०१७ मध्ये जिममध्येच हृदयविकाराचा झटका आला. पोटावर चिमूटभर चरबी नाही, वय ५१. काट्यानं त्याच्याबद्दल कधीच तक्रार केली नसती. २०२० मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो सूत्रसंचालक होऊन परतला.

*

वजन पुन्हा वाढलं की एकच शेरा: मनाचा निग्रह कमी पडला. मीही बघता बघता हे म्हटलेलं आहे, हातात चिवड्याची वाटी असताना.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल यांनी आठव्या सीझनच्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा मोजलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत चढले होते. इथवर निग्रहवाल्यांचंच खरं. पण हॉल यांनी दुसरंही काही मोजलं. माणूस नुसता पडून असताना त्याचं शरीर दिवसाला किती जाळतं, ते. या स्पर्धकांची शरीरं त्यांच्या अंगकाठीच्या मानानं रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. म्हणजे चार-पाच पोळ्या. स्पर्धा संपली तेव्हा ही तूट २७५ च्या आसपास होती. वजन परत आलं, तूट भरून निघाली नाही, उलट वाढली. अंगात चरबी पुरेशी आहे, हा निरोप मेंदूला नेणारं लेप्टिन स्पर्धेअखेर जवळजवळ आटलं होतं, तेही सहा वर्षांनी पूर्वीइतकं झालेलं नव्हतं.

दुष्काळ पाहिलेल्या घरात असं होतं. कणगी पुन्हा भरली तरी घरच्या बाईची मूठ आखडलेलीच राहते. तिला कुणी निग्रहाचे धडे देत नाही.

आजी पानावर बसलेल्या नातवाला म्हणते, खाल्लेलं अंगी लागू दे. आशीर्वादच तो. या चौदाजणांच्या अंगी सगळंच लागत होतं.

*

२०१४ ची विजेती: २६० पौंडांवरून १०५. उंची पाच फूट चार इंच. ती मंचावर आली तेव्हा ट्रेनरांचे चेहरे पडले, आणि कॅमेऱ्यानं ते टिपले. खेळाचा नियम एकच होता, तो तिनं सगळ्यांपेक्षा चोख पाळला होता. साठ टक्क्यांच्या जवळपास माणूस काढून टाकल्यावर मग दचकायचं, हे मला आजही पटलेलं नाही.

*

आपल्याकडे चारचौघांत काट्यावर चढायचं ते तुलेसाठी. पुढाऱ्याची गूळतुला, पेढेतुला, कुठं ग्रंथतुला. तिथं पुढारी जितका वजनदार तितका गूळ जास्त आणि वाटपही जास्त. त्या काट्यावर बारीक माणूस म्हणजे कार्यकर्त्यांची निराशा.

*

मित्रानं वर्षभरात चौदा किलो उतरवले. नवे शर्ट शिवले. साताऱ्याकडच्या एका लग्नात आत्यानं त्याला खालीवर न्याहाळलं. "काय रं, बरं नव्हतं व्हय? पार उतरलास की." त्यानं जिमचं सांगितलं, प्रोटीनचं सांगितलं, फोनमधला आधीचा फोटोही दाखवला. आत्यानं चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "हितं किती छान दिसतुयास." आणि वाढप्याला हाक मारली.