बोटांची बुद्धि

मनुष्याच्या बोटांना डोक्याहून निराळी अशी एक बुद्धि असते, असें माझें अलीकडे मत झालें आहे. डोक्याला एकदां सांगितलेलें पुरतें. बोटांना तेंच शंभरदां सांगावें लागतें, आणि तरीही तीं आपलेंच खरें करतात.

निमित्त तसें लहानसेंच आहे. अठ्ठावीस वर्षें मी 'विंडोज'च्या राज्यांत नांदलों. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. अकरावी आवृत्ति माझ्या म्हाताऱ्या संगणकाला झेपण्यासारखी नव्हती. तेव्हां मुलीच्या आग्रहावरून घरांत 'मॅक' आला. नव्या घरीं राहावयास गेलेला मनुष्य रात्रीं अंधारांत जुन्याच भिंतीवर दिव्याचें बटण चाचपतो, तशी माझ्या हातांची अवस्था झाली. मजकुराची नक्कल करावयाची म्हणजे इतकीं वर्षें करंगळी कोपऱ्यांतल्या 'कंट्रोल'वर जाई. येथें तें काम अंगठ्यानें 'कमांड' नांवाच्या कळीवर करावयाचें. करंगळी मात्र अजून कोपरा सोडीत नाहीं. सेवानिवृत्त कारकून सवयीनें कचेरीच्या पायरीशीं जाऊन बसतो, तशी ती तेथें जाऊन बसते. फाईल निवडून 'एंटर' दाबावें, तर ती उघडण्याऐवजीं यंत्र तिचें नव्यानें बारसें करावयास सांगतें. खिडकी बंद करण्याची फुली उजवीकडून नाहींशी होऊन डावीकडे तांबडा ठिपका आला आहे. तो दाबला कीं खिडकी जाते, पण पुष्कळदां आंतला प्रोग्राम चालूच राहतो. मीं कुरकुर केली तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, खिडकी लावली म्हणून घरांतलीं माणसें झोपतात का?" यावर प्राध्यापकालाही उत्तर सुचेना.

हें सारें हंसण्यावारी नेण्यासारखें होतें. परंतु तिसऱ्या दिवशीं मीं वडिलांच्या आठवणी उघडल्या, आणि हंसूं मावळलें.

१९९८ सालीं, शेवटच्या आजारांत, वडील अंथरुणावर पडून गांवाकडच्या हकीकती सांगत आणि मी त्या टंकीत असें. ते गेले तेव्हां साठ पानें झालीं होतीं. त्या काळच्या मराठी टंकांची एक गंमत होती. यंत्र आंत इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचेच क्रमांक साठवी. टंक त्यांवर देवनागरीचा अंगरखा चढवी. आपण मराठी लिहीत आहों हें यंत्राला ठाऊकच नसे. नव्या यंत्रावर तो अंगरखा नव्हता. आणि वडिलांच्या जागीं नुसते कंस, अर्धविराम आणि अर्थहीन रोमन अक्षरें रांगेनें उभीं होतीं.

जुना टंक आणून बसविला असता तर पानें पुन्हां दिसलीं असतीं, हें खरें. पण यंत्राच्या लेखीं तीं मराठी झालींच नसतीं. वडिलांचें नांव शोधावयास गेलों तर तेंही सांपडलें नसतें. युनिकोडांत 'क'चा क्रमांक कोणत्याही यंत्रावर 'क'चाच असतो. म्हणून एका प्रोग्रामकडून सारा मजकूर युनिकोडांत आणविला. बहुतेक नीट आला. अर्ध्या 'र'नें मात्र जागोजागीं दगा दिला. भंडाऱ्याच्या दिवशीं चुलाणापुढें उघडा बसलेला, पोरांना झाऱ्यानें धाक घालणारा आचारी होता. "आचाऱ्यांनीं आम्हांला हांकललें" याचें "आचार्यांनीं आम्हांला हांकललें" असें झालें, आणि बिचारा एका क्षणांत शंकराचार्यांच्या पंक्तीला जाऊन बसला! वडिलांना हें फार आवडलें असतें.

आतां रोज रात्रीं तासभर मी तीं पानें दुरुस्त करीत बसतों. या कामांत बोटांना कांहींच शिकवावें लागत नाहीं, हें पाहून मी चकित झालों. मी मराठी टंकतों तें इनस्क्रिप्ट पद्धतीनें. तिची कळरचना १९९१ सालीं भारतीय मानकांत नमूद झाली आणि ती या यंत्रांतही तशीच आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनें. 'र' जेथें होता तेथेंच, आणि शिफ्ट दाबतांच त्याच कळीखालीं आचाऱ्याचा तो नुक्त्याचा 'ऱ'. नक्कल करतांना कोपऱ्यांत भटकणारी तीच करंगळी येथें न सांगतां शिफ्टवर जाते.

काम सावकाश चालतें, कारण दुरुस्ती करतां करतां मी वाचीतच राहतों. तेवीस पानें झालीं आहेत. चोविसाव्या पानावर वडील पहिल्यांदां आगगाडींत बसतात.