दुःख, संशय आणि श्रद्धा

देव दयाळू आहे, तर निरपराध मनुष्याच्या वाट्याला दुःख कां? हा प्रश्न बायबलच्या तासाला दरवर्षीं कोणीतरी विद्यार्थी विचारतो, आणि विचारल्यावर अपराध्यासारखी मान खालीं घालतो. त्यांत पाप नाहीं, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे. खुद्द ख्रिस्तानेंही वधस्तंभावरून देवाला 'कां' असें विचारिलें.

ईयोबाचें पुस्तक तर याच प्रश्नाला वाहिलेलें आहे. त्याचीं गुरेंढोरें गेलीं, मुलें एकाच दिवशीं मेलीं, सर्वांगास गळवें झालीं. तीन मित्र भेटीस आले व सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. माझ्या मतें त्यांच्या हातून घडलेली सर्वांत थोर गोष्ट तीच. पुढें ते बोलूं लागले, आणि हें तुझ्याच पापाचें फळ, असें त्यास पटवूं लागले. ईयोबानें देवाशीं वाद घातला, पण त्याच्याकडे पाठ फिरविली नाहीं. अखेरीस देवानें त्याचें अज्ञान त्यास दाखविलें. दुःखाचें कारण मात्र सांगितलें नाहीं. तरी देवाचा कोप झाला तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर!

एका विद्यार्थ्याची आई वारली, तेव्हां मी त्याच्या घरीं गेलों होतों. 'देवाची इच्छा' हे शब्द ओठांवर आले. परंतु त्या मुलाच्या मुद्रेकडे पाहून मी ते उच्चारले नाहींत. नुसता त्याच्याजवळ बसलों. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं अद्याप नाहीं. तरी मी प्रार्थना सोडलेली नाहीं. कारण जो आहे असें वाटत नाहीं, त्याच्याकडे मनुष्य गाऱ्हाणें कशास नेईल?

पंडिता रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण उपासमारीच्या दिवसांत गेलीं. १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पती वारले. त्या संकटांत लहानपणच्या श्रद्धेविषयीं मनांत आलेले संशय त्यांनीं लपविले नाहींत. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्याच रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि अन्नावांचून तडफडणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. केडगांवचें 'मुक्ति' त्यांतूनच वाढलें. दुष्काळ कां पडतो हें त्यांस उमगलें असो वा नसो; उपाशी मुलीला काय हवें, हें त्या स्वानुभवानें जाणत होत्या.

विद्यार्थिमित्रांनो, संशय आला तर तो देवापुढें निर्भयपणें मांडा. आणि शेजारच्या बाकावरील सोबती दुःखांत असेल, तर त्याला कारणें सांगूं नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.