राज्याबाहेर शिकायला जायचं? आधी वही काढा!

मागच्या जूनमधली गोष्ट. चाकण एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारे आमचे एक बांधव रात्रपाळी संपवून थेट आमच्या पिंपरीतल्या अभ्यासिकेत आले. सोबत मुलगी. हातात बंगळुरूच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र. वर्षाची फी अडीच लाख, हॉस्टेल-मेसचे एक लाख. "भाऊ, एजंट म्हणतो आठ दिवसांत पैसे भरा. गावाकडची दोन एकर विकू का?"

आम्ही पटकन बोलून गेलो, "बाबासाहेब कोलंबियाला गेलेच होते ना? पाठवा पोरीला!" भाषणात हे वाक्य आम्ही शंभरदा वापरलंय. पण समोर जमीन विकायला निघालेला बाप बसला होता, आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. मुदत संपली तेव्हा 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर त्यांचा हिशोबही शिकायला हवा.

मग वही काढली. पगार महिना 17 हजार. चार वर्षांचा खर्च 14 लाख. म्हणजे घरात चूल न पेटवता जवळपास सात वर्षांचा पगार!

आता हक्काचं बघू. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की, एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा स्थलांतर करणाऱ्यासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही. म्हणजे कर्नाटकच्या राखीव जागेवर आपल्या लेकीचा हक्क नाही. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मात्र राज्याबाहेर शिकणाऱ्यालाही मिळते. ती आपलंच राज्य देतं, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर तीही नाही. पत्र नीट वाचलं. बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं, मॅनेजमेंट कोटा! एजंट यावर एक शब्द बोलला नव्हता.

तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पण माझा नंबर लागलाय. पप्पा म्हणतात, ते इंजिनिअरिंग नाही."

केंद्रीय विद्यापीठ म्हणजे देशभरातल्या अनुसूचित जातींसाठी 15 टक्के आरक्षण, फी खाजगीच्या मानाने किरकोळ, वर शिष्यवृत्ती. आम्ही खूश झालो. बाप मात्र गप्प. मग म्हणाले, "रोहित वेमुला तिथंच गेला ना?"

याला आमच्याकडे पाठ केलेलं उत्तर नव्हतं. हो, 17 जानेवारी 2016 ला तिथंच गेला. ही किंमत वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आम्ही एवढंच म्हणालो, "तिथं आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनसुद्धा आहे. पोरगी एकटी पडणार नाही, ही जबाबदारी आपली सगळ्यांची." पैसे गोळा करणं सोपं असतं. दर आठवड्याला फोन करून "कशी आहेस?" विचारणं चळवळीला अजून शिकायचंय.

जमीन विकली नाही. लेक हैदराबादला शिकतेय. दर रविवारी अभ्यासिकेतून तिला फोन जातो.

मित्रांनो, राज्याबाहेर जाणं चूक नाही, डोळे झाकून जाणं चूक आहे. आरक्षण सोबत येतं का? शिष्यवृत्ती मिळते का? तिथं आपलं माणूस कोण? एजंटला पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. पत्र वाचता येत नसेल तर आमच्याकडे घेऊन या.

जय भीम!